वाळूच्या कणाएवढे दात

रात्रीची जेवणे आटोपली, टेबल पुसून झाले, की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील काही घरांत एक वेगळेच ताट मांडले जाते. पांढरी बशी, तिच्यात चमचाभर करडी वाळू, शेजारी टेबललॅम्प, भिंग आणि जलरंगाचा सर्वांत बारीक ब्रश. घरातील एक-दोघे बशीवर मान घालून बसतात. बोलणे बंद होते. ब्रशचे टोक पाण्यात बुडवून वाळूतील एखादा काळा, चमकदार कण अलगद उचलला जातो आणि लहानशा डबीत पडतो. वाळू चांगली असेल तर तासाभरात डबीत असे कितीतरी कण जमतात. हे कण म्हणजे शार्क माशाचे दात. त्यांतील मोठा तांदळाच्या दाण्याएवढा, लहान मोहरीहूनही बारीक; आणि त्यांचे वय कोट्यवधी वर्षांत मोजायचे.

आपल्याकडे पूर्वी दुपारच्या वेळी बायका ओसरीवर बसून तांदूळ निवडीत, तेच हे काम. फरक इतकाच, की येथे दाणे बाजूला सारायचे आणि खडा जपून ठेवायचा! ज्या डोळ्याला निवडण्याची सवय आहे, त्याला हा छंद चटकन साधतो. पहिल्या दिवशी बशीत नुसती वाळू दिसते. आठवडाभर नेटाने बसल्यावर त्याच वाळूतील दात जणू आपण होऊन पुढे येऊ लागतात. यालाच डोळा बसणे म्हणतात, आणि तो बसवण्याचा दुसरा कोणताही उपाय नाही.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ऑरोरा हे लहानसे गाव या छंदाचे माहेरघर म्हणावे असे आहे. गावाजवळ फॉस्फेटची मोठी खाण आहे. खतासाठी लागणारे फॉस्फेट काढताना एके काळच्या समुद्रतळाचे थर वर येतात. त्यांतील काही दीड कोटी वर्षांच्या आसपासचे, तर काही चाळीस-पन्नास लाख वर्षांपूर्वीचे. गावातील जीवाश्म संग्रहालयासमोर खाणीतील हा माल ढिगाने आणून टाकलेला असतो. कोणीही यावे, उकरावे आणि सापडेल ते घरी न्यावे. येणारी बहुतेक मंडळी मेगॅलोडॉनचा दात शोधत असतात. मेगॅलोडॉन हा नामशेष झालेला महाकाय शार्क; त्याचा चांगला दात माणसाचा तळहात भरून टाकतो. असा दात काचेच्या कपाटात शोभतो, त्याला पैसेही बरे येतात. त्यासाठी माणसे मोठ्या भोकांची चाळणी हलवतात, वर उरलेले पाहतात आणि खाली गळालेली वाळू पायाने बाजूला सारतात. खरी गंमत मात्र त्या गळालेल्या वाळूत असते.

शार्कच्या अंगात हाड नसते. आपल्या नाकाच्या शेंड्यात जी लवचिक कूर्चा असते, तिचाच त्याचा सांगाडा बनलेला असतो. कोकणात किंवा गोव्यात ज्यांच्या घरी मोरी, म्हणजे लहान शार्क, शिजते, त्यांना हे सांगावे लागत नाही. मधली कूर्चा काढली, की काटे निवडत बसण्याचे काम उरत नाही. मासा मेल्यावर ही कूर्चा बहुधा कुजून जाते आणि मागे उरतात ते दात. तेही थोडेथोडके नव्हेत. शार्कच्या जबड्यात दातांच्या रांगांमागे रांगा तयार असतात. पुढची पडली, की मागची सरकून पुढे येते. लहान वयाच्या लेमन शार्कमध्ये अशी एक रांग साधारण आठ दिवसांत बदलते. एकेक मासा जन्मभरात हजारो दात टाकतो. त्यांवरील आवरणही भलतेच टणक. दात किडू नयेत म्हणून आपण टूथपेस्टमधून जे फ्लोराइड वापरतो, ते शार्कच्या दाताच्या आवरणात निसर्गतःच असते. समुद्राच्या तळाशी असा दातांचा सडा कोट्यवधी वर्षे पडत राहिला आणि चिखलात गाडला गेला. आसपासचे क्षार शिरून दातांना रंग चढले. फॉस्फेटच्या थरात ते बहुधा काळे होतात, इतरत्र तपकिरी, करडे किंवा निळसर. काळा दात जुना आणि फिकट दात नवा असे पुष्कळांना वाटते, पण रंगावरून माती कळते, वय नव्हे.

हे दात आहेत एवढे समजायलाही माणसाला फार काळ लागला. युरोपात त्यांना जिभेचे दगड म्हणत. चंद्र क्षीण होत असताना ते आकाशातून पडतात, अशी समजूत रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवली आहे. माल्टा बेटावरील असे दगड तर विषावर उतारा म्हणून लोक जवळ बाळगीत. १६१६ साली इटलीतील फाबियो कोलोन्ना याने हे दगड म्हणजे शार्कचे दात आहेत असे लिहिले, पण फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे १६६६ मध्ये लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. त्याचे डोके तस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या आज्ञेने फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञापुढे आले. स्टेनोने जबडा तपासला, त्यातील दात जिभेच्या दगडांशी ताडून पाहिले आणि दुसऱ्या वर्षी आपला निष्कर्ष छापला. मग प्रश्न उभा राहिला, की समुद्रातील माशाचे दात डोंगरातील खडकात शिरले कसे? या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता खडक थरांवर थर साचून बनतात आणि खालचा थर आधीचा असतो, हा नियम त्याने १६६९ मध्ये मांडला. भूविज्ञानाचा पाया म्हणावा असा हा विचार, आणि त्याच्या मुळाशी एका माशाचा जबडा!

चाळणी, बादली आणि ब्रश

घरी हे काम करायला फार सामान लागत नाही. माती ओली किंवा चिकट असेल, तर ती बादलीत पाणी घालून रात्रभर भिजत ठेवावी. सकाळी हाताने हलकेच ढवळून गढूळ पाणी ओतून द्यावे आणि पाणी नितळ येईपर्यंत हे करीत राहावे. ओततानाही बारीक जाळी धरावी, नाहीतर हवे ते गढूळ पाण्याबरोबर निघून जाते. हे सारे अंगणात किंवा बागेत करणे उत्तम. स्वयंपाकघरातील मोरीत ही माती ओतली, तर नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलवावे लागेल आणि घरातून छंदाला कायमची बंदी होईल. धुतलेली वाळू वर्तमानपत्रावर पसरून सावलीत वाळवावी.

वाळलेली वाळू लागोपाठ तीन-चार चाळण्यांतून काढावी. आधी गव्हाची चाळणी, मग रव्याची, मग मैद्याची. (स्वयंपाकातील चाळण्या पळवू नयेत, वेगळ्या विकत घ्याव्यात!) असे करण्यामागे कारण आहे. बशीतले सगळे कण साधारण एका मापाचे असले, की डोळ्याला फक्त आकारातील आणि चकाकीतील फरक पाहायचा उरतो. मोठे खडे आणि भुकटी एकत्र असली, तर नजर खड्यांवर अडकते आणि भुकटीतले दात निसटतात.

वाळू बशीत एकपदरी पसरावी, ढीग नको. काळ्या दातांसाठी पांढरी बशी, फिकट दातांसाठी काळा कागद. दिवा वरून न धरता बाजूने धरावा, म्हणजे दाताचे चकचकीत आवरण चमकून उठते. पंखा बंद करावा. शिंक आली तर मान वळवावी. एका शिंकेत तासाभराचे काम उडून गेल्याचे ऐकून लोक हसतात, पण ज्याचे गेले त्याला हसू येत नाही. चिमटा शक्यतो वापरू नये. एक मिलिमीटरचा दात धातूच्या चिमट्यात धरला, की तो टिचकी मारल्यासारखा उडतो आणि मग गालिच्यात शोधत बसावे लागते. ओल्या ब्रशला मात्र तो आपोआप चिकटतो आणि डबीत टेकवला की सुटतो. घड्याळजीचे किंवा जवाहिऱ्याचे दहापट मोठे दाखवणारे भिंग सुरुवातीला पुरे होते. छंद टिकला तर दोन डोळ्यांनी पाहायचा, कमी शक्तीचा सूक्ष्मदर्शक घ्यावा. पहिल्याच दिवशी महागाचे यंत्र आणण्याची घाई नको; माळ्यावर धूळ खात पडलेली अशी यंत्रे पुष्कळ घरांत सापडतात.

डोळे थकतात, हेही ध्यानात ठेवावे. दर पंधरा-वीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेर लांब पाहावे. आणि आपली बशी संपली असे वाटले, की ती घरातील दुसऱ्या कोणाकडे द्यावी. तीच वाळू निवडताना दुसऱ्याला हमखास चार दात मिळतात. नवराबायकोत यावरून थोडी खडाजंगी होते, पण कामाच्या दृष्टीने ही दुसरी नजर फार मोलाची.

एकाच तोंडात दोन तऱ्हा

दात जमले, की ते कोणाचे हा प्रश्न येतो. येथे घाईने फसगत होते. पहिली गोष्ट, डबीतील प्रत्येक टोकदार वस्तू दात नसते. शिंपल्याची कपची, खेकड्याच्या नांगीचे टोक, समुद्री साळूचा काटा, फॉस्फेटचा गोटा, असे तोतये पुष्कळ असतात. शार्कच्या दाताचे दोन भाग स्पष्ट दिसतात. वरचा मुकुट गुळगुळीत आणि चकचकीत. खालचे मूळ मंद, खडबडीत, बारीक छिद्रांचे. दोन्हींमधली सीमारेषा दिसली, की बहुधा शंका उरत नाही. नुसता मुकुट उरलेले दात भरपूर मिळतात. तेही ठेवावेत, पण त्यांना नाव देण्याचा हट्ट धरू नये.

मग भिंगाखाली क्रमाने पाहावे. मुकुटाची धार साधी की करवतीसारखी? मुख्य टोकाच्या दोन्ही बाजूंना लहान पिल्लासारखी टोके आहेत का? दात सरळ की एका बाजूला झुकलेला? मुळाला दोन पाय फुटलेत का, मधे खोबण आहे का? लांब, सडपातळ, बाजूला एखाद-दुसरे छोटे टोक असलेला दात सँड टायगर शार्ककडे बोट दाखवतो. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा वाकलेला, मागच्या बाजूला खाच असलेला आणि धारेला करवत असलेला दात टायगर शार्कचा. चपट्या फरशीसारखे तुकडे शार्कचे नसून त्याच्या चुलत भावाचे, म्हणजे पाकट माशाचे असतात. पाकट शिंपल्या फोडून खाते. तिला सुरीपेक्षा जाते हवे.

एवढ्यावर सारे भागले असते, तर हा छंद आठवड्यात संपला असता. अडचण अशी, की एकाच माशाच्या तोंडात निरनिराळ्या घाटाचे दात असतात. कार्करायनस वंशातील शार्कचे वरचे दात रुंद, त्रिकोणी आणि करवती, तर खालचे अरुंद आणि भाल्यासारखे. वरचे कापतात, खालचे धरून ठेवतात. काटा आणि सुरी यांचीच विभागणी. हेमिप्रिस्टिस नावाच्या शार्कमध्ये तर हा फरक इतका टोकाला जातो, की वरचा आणि खालचा दात शेजारी ठेवला तर नवखा माणूस शपथेवर दोन मासे सांगेल. मधले दात उंच, जबड्याच्या कोपऱ्यातले बुटके. पिल्लाचे वेगळे, मोठ्याचे वेगळे. अटलांटिक किनाऱ्यावरील एका पाकटात तर नराचे एरवी बोथट असणारे दात विणीच्या हंगामात टोकदार होतात आणि हंगाम सरला की पुन्हा बोथट येतात. मासा तोच, ऋतू बदलला म्हणून दात बदलला.

या गोष्टीने भल्याभल्यांना चकवले आहे. स्वित्झर्लंडचा थोर निसर्गशास्त्रज्ञ लुई आगासी याने १८३३ ते १८४३ या काळात जीवाश्म माशांवर प्रचंड ग्रंथ लिहिला आणि सुट्या दातांवरून कितीतरी जातींना नावे दिली. त्यांतील काही आजही टिकून आहेत. काही मात्र पुढे एकमेकांत विलीन झाल्या. आगासीजवळ पूर्ण जबडे फार थोडे होते, त्याला दोष देता येत नाही. पण रविवारी सकाळी दहा दात निवडून त्यांतून दहा जाती काढणाऱ्याने तरी हा इतिहास आठवावा. खात्री नसेल तर फक्त वंशाचे नाव लिहावे, तेही जमत नसेल तर कुळाचे. जाणकारांच्या डब्यांवर 'जात अनिश्चित' असे शब्द नवशिक्यांच्या डब्यांपेक्षा जास्त दिसतात.

आकाराचेही तसेच. बारीक दात म्हणजे बारीक मासा, हे समीकरण चुकीचे आहे. आजच्या जगातील सर्वांत मोठा मासा व्हेल शार्क. तो दहा-बारा मीटर लांब भरतो, पण त्याचे दात काही मिलिमीटरांचे, आकड्यासारखे असतात. त्याचे पोट भरते पाणी गाळून. तेव्हा ज्या वाळूत लोक मेगॅलोडॉन शोधतात, तिच्यातून गळून जाणारा एखादा बारीक आकडाही महाकाय माशाचा असू शकतो. याच वाळूत दातासारखेच चमकणारे, पण आणखी लहान कण मिळतात. ते असतात शार्कच्या कातडीचे खवले. मोरी साफ करताना शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला, तर कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते. ती खरखर म्हणजे हजारो सूक्ष्म दातच. रचनेने ते तोंडातील दातांचे सख्खे भाऊ आहेत.

'सू'च्या अंगावरची माती

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारले तर शिकागोची एक हकीकत सांगण्यासारखी आहे.

१९९० साली साउथ डकोटा राज्यात टायरॅनोसॉरस रेक्स या मांसाहारी डायनोसॉरचा एक विलक्षण पूर्ण सांगाडा सापडला. ज्या बाईंना तो दिसला, त्या सू हेंड्रिक्सन यांच्या नावावरून त्याला 'सू' हे नाव पडले. मालकीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि अखेर १९९७ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमने लिलावात तो सुमारे ८३ लाख ६० हजार डॉलरला घेतला. हाडे साफ करताना त्यांना लागलेली माती निघाली, ती जवळजवळ दोन टन. जगातील सर्वांत प्रसिद्ध डायनोसॉर हाती असताना त्याच्या अंगावरची माती कोण जपणार? पण संग्रहालयाने ती टाकली नाही. कोठून आली याच्या नोंदीसह ती तळघरात ठेवून दिली.

वर्षे गेली. कॅरन नॉर्डक्विस्ट या निवृत्त रसायनतज्ज्ञ बाई संग्रहालयात स्वेच्छेने काम करीत. ही माती धुऊन, चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली कण कण निवडण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. त्या मातीत सुमारे मिलिमीटरभर रुंदीचे दात निघाले. टेरी गेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले, तेव्हा ते कोणत्याही माहीत असलेल्या शार्कशी जुळेनात. असे दोन डझनांहून अधिक दात मिळाल्यावर जानेवारी २०१९ मध्ये नवा वंश आणि नवी जात जाहीर झाली, गॅलॅगाडॉन नॉर्डक्विस्टी. पहिले नाव गॅलॅगा या जुन्या व्हिडिओ गेममधील अंतराळयानावरून, कारण दाताचा आकार तसाच दिसतो. दुसरे त्या बाईंच्या आडनावावरून. मासा अवघा फूट-दीड फुटाचा असावा. त्याचे आजचे नातेवाईक म्हणजे बांबू शार्क. ते मुख्यतः हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उथळ पाण्यात राहतात. भारताच्या किनाऱ्यालाही सापडतात.

नव्या माशाला नाव मिळाले, एवढ्यावर हे थांबले नाही. 'सू' जेथे मरून पडली, ती जागा नदी आटत जाऊन बनलेले तळे असावे असे मानले जाई. पण हा शार्क ज्या घराण्यातला, ते समुद्राचे रहिवासी. म्हणजे सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी त्या पाण्याचा समुद्राशी कोठेतरी संबंध असला पाहिजे. एवढ्या अवाढव्य हाडांनी जे सांगितले नव्हते, ते वाळूच्या कणाएवढ्या दातांनी सांगितले.

यात हुशारी आहे, चिकाटी आहे, पण त्याहून महत्त्वाची आहे ती चिठ्ठी. ती माती कोणत्या हाडाभोवतीची, कोणत्या थरातली, हे लिहून ठेवले नसते, तर तेच दात नुसते सुंदर कण उरले असते. घरगुती संग्रहांची शोकांतिका बहुधा येथेच असते. माणूस तीस वर्षे दात जमवतो. कोणता कोठला हे त्याला तोंडपाठ असते, म्हणून तो लिहीत नाही. तो गेल्यावर मुले कपाट उघडतात. आत शेकडो डब्या, हजारो दात आणि एकाही डबीत गावाचे नाव नाही. संग्रहालयात नेले तर तेथील माणूस ते आदराने पाहतो आणि परत करतो. त्याचाही नाइलाज असतो.

म्हणून डबीत दाताच्या आधी चिठ्ठी पडावी. जागा, थर माहीत असल्यास थर, तारीख, वाळू कोणी आणली, निवडली कोणी. पेन्सिलने लिहावे, कारण शाई फिकटते. चिठ्ठी डबीच्या आत असावी. झाकणावर लिहिलेल्याचा भरवसा नाही, झाकणे अदलाबदल होतात. किती वाळू धुतली तेही लिहावे. एक किलोत वीस दात आणि दहा किलोत वीस दात, या दोन वेगळ्या बातम्या आहेत. आणि फक्त देखणे दात ठेवून मोडके टाकून देऊ नयेत. देखण्या दातांच्या संग्रहावरून त्या समुद्रात कोण किती होते हे कळत नाही, संग्राहकाची आवड तेवढी कळते.

चिठ्ठीचे मोल काय असते, याचे एक उदाहरण आपल्या अंगणातलेही आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या दगडाचा आहे, तो लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला. हे उद्रेक नेमके कधी झाले, यावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद चालला. दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, गाळ बसला. त्या गाळाचे पातळ थर आजही लाव्हांच्या मधे सापडतात. आपल्या सीमेलगतच्या असिफाबाद भागातील, म्हणजे आताच्या तेलंगणातील, अशा थरांतून पाकटांचे बारीक दात मिळाले. जी. व्ही. आर. प्रसाद आणि फ्रान्सचे हेन्री कापेट्टा यांनी १९९३ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील इग्डाबाटिस या वंशाचे दात पूर्वी आफ्रिकेतील नायजरमध्ये क्रेटेशियस युगाच्या अखेरच्या थरांत सापडले होते. म्हणजे डायनोसॉर अजून पृथ्वीवर होते, तेव्हाच आपल्याकडे लाव्हा वाहू लागला होता. पुढे खडकांच्या किरणोत्सारी मोजमापांनीही तेच वय दाखवले. हे दात कोणत्या दोन लाव्हांमधल्या गाळातले, हे लिहून ठेवलेले नसते, तर त्यांनी काहीच साक्ष दिली नसती.

भारतात शार्कचे जुने दात इतरत्रही मिळतात. ओडिशातील बारीपदाचे थर त्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. राजस्थानात जैसलमेरजवळच्या ज्युरासिक खडकांतून, कठीण भक्ष्य चिरडण्याजोगे दात असलेल्या स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस या नव्या जातीची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संशोधकांनी आयआयटी रुरकीचे सुनील बाजपेयी यांच्यासह २०२१ मध्ये केली. मात्र अशा ठिकाणी जाऊन कोणी परवानगीवाचून खडक फोडू नये. एकदा उकरलेला थर पुन्हा तसाच बसवता येत नाही. ज्यांना हौस आहे, त्यांनी जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागात चौकशी करावी. धुऊन ठेवलेली माती भिंगाखाली निवडायला बसणारी माणसे प्रयोगशाळांना नेहमीच कमी पडतात.

आणि बशी निवडून झाली, दुसऱ्या नजरेखालूनही गेली, तरी उरलेली वाळू कुंडीत ओतू नये. ती काचेच्या बरणीत भरावी, आत चिठ्ठी टाकावी, झाकण घट्ट लावावे आणि फळीवर ठेवून द्यावी.